चावी फिरवू नका

कामवाल्या मावशी यायच्या आधी मी भांडी विसळून ठेवते. त्यांना काय वाटेल, म्हणून. यावरून आमचे हे गेली वीस वर्षं माझी टिंगल करतात, अगदी पाहुण्यांसमोरसुद्धा.

दोन आठवडे झाले, आमची जुनी डिझेल गाडी सकाळी सुरूच व्हायला मागत नाही. दुपारी कोपरखैरण्याला जयदेवच्या गॅरेजवर नेली, की मात्र पहिल्याच सेल्फला सुरू! शेवटी तोच म्हणाला, "सकाली इंजिन तापवनारा हीटर प्लग गेला असंल. पन इंजिन रातभर थंड पायजे, तरच कललं तर कलंल. रविवारी मीच घरी येतो. तोपर्यंत कोनी चावी फिरवू नका."

सोमवारी आमच्या मुलीचा, सईचा, बोर्डाचा पहिला पेपर. त्यामुळे मी रविवारची वाटच बघत होते.

जयदेव आठला आला. त्यानं चावी फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. मग त्यानं बॉनेट उघडून आत हात लावला.

"साहेब, इंजिन तर गरम हाय! आता उद्या सकालीच बघायला लागंल."

उद्या सकाळी, म्हणजे पेपरला निघतानाच. मी ह्यांच्याकडे वळून पाहिलं. हे रुमालानं गाडीचा आरसा पुसत होते. पुसता पुसता हळूच मला म्हणाले,



"सहापासून पाऊण तास खटपट केली, तेव्हा कुठे सुरू झाली. तो येणार आणि गाडी त्याच्यासमोर नुसती घुरघुरत बसणार… त्याला काय वाटेल?"