नकाशात नसलेलं घर

चालक नसलेला नांगरणीचा ट्रॅक्टर कुंदाच्या दारासमोर येऊन थांबला. जुन्या मोजणीवरून साऱ्या राज्याचा नवा नकाशा झाला होता आणि त्यात तिच्या घराच्या जागी शेत होतं. यंत्रं फक्त नकाशाचं ऐकायची.

"समोरचा माणूस हटला की नांगरणी सुरू होईल," ट्रॅक्टर म्हणाला.

कुंदा त्याच्यासमोरच उभी राहिली. तलाठ्याला आणायला हवं होतं, पण ती हलली की भिंत गेलीच. आत सासू अंथरुणाला खिळलेली.

"आत्याबाई, घर पाडायला आलंय!" ती किंचाळली.

म्हातारी सरपटत उंबऱ्याबाहेर आली आणि चाकापुढे बसली.

"माणूसच लागतो ना त्याला? मी बसते. तू पळ."

कुंदा पळाली. मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही.