नववा गुण

मी अमरावतीच्या गोऱ्यांच्या क्लबात स्क्वॉशचा मार्कर, म्हणजे साहेबांना रोज खेळवणारा पगारी खेळाडू. डाव नऊ गुणांचा. आपण आठावर जायचं, मग चेंडू मुद्दाम भिंतीच्या तळाच्या पत्र्यावर मारून बाद करायचा आणि साहेबाला जिंकू द्यायचं, यात माझी बारा वर्षं गेली.

मुंबईच्या मोठ्या स्पर्धेत देशभरच्या मार्करांना हरवून मी अंतिम सामन्यात पोचलो. समोर अकोल्याच्या क्लबाचा चंद्रभान. तिन्ही डावांत आधी आठावर मीच गेलो आणि तिन्ही वेळा माझा चेंडू पत्र्यावर आदळला. हार त्याच्या गळ्यात पडला. परतीच्या गाडीत त्याचे फाटके कॅनव्हासचे बूटसुद्धा माझ्या डोळ्यांत खुपत होते.

बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण अकोला जवळ आलं तसं तोंडून निघालंच, "चंद्रभान, तुह्या हातात असं काय आहे, जे माह्या हातात नाही?"

त्यानं वळकटी काखेत मारली.

"आमचा साहेब लढाईवर गेला, केशवा. दोन सालापासून मी एकटाच भिंतीसंग खेळून राहिलो. भिंतीले जिंकू द्या लागत नाही."