ज्वारीएवढा पिवळा

दोरीवर दोन साड्या शेजारी शेजारी टांगल्या होत्या. दोन्ही मरून रंगाच्या. दोन्हींवर तीच वेल, तीच लाल फुलं, तेच काठ. एकीत पाच रंग होते, दुसरीत चार.

"बोलो, शुं फरक?" छपाईखात्याच्या भूपेंद्र मास्तरांनी विचारलं.

फरक सांगता आला नाही तर सोमवारपासून पिवळा बंद, हे आधीच सांगून झालं होतं. आणि पिवळा बंद म्हणजे पिवळा छापणारी जोडीही बंद. फ्रेमच्या या अंगाला शालिग्राम, त्या अंगाला राघो. सत्त्याण्णव साल तसं वाईटच चाललं होतं, शेठला साडी स्वस्त पाडायची होती. आता पाचापेक्षा चार कमी, हे कळायला काही शेठ व्हावं लागत नाही.

शालिग्राम साडीकडे बघत राहिला. बघताना त्याला जरा लाजच वाटली. दोन महिने या डिझाईनचा पिवळा तो छापत होता आणि अख्खी साडी आज पहिल्यांदा बघत होता. पिवळा सगळ्यांच्या आधी पडतो, कोऱ्या पांढऱ्या कापडावर. रबरी पट्टी ओढायची, फ्रेम उचलायची, पुढे सरकायचं. मागून हिरवा येतो, निळा येतो, लाल येतो, शेवटी मरून येऊन उरलेली सगळी जागा खाऊन टाकतो. तोवर पिवळेवाले पुढच्या टेबलावर. शालिग्रामच्या वाट्याला नुसते ठिपके यायचे. पांढऱ्या आभाळात कुणी ओंजळभर ज्वारी भिरकावावी, तसे.

त्या ठिपक्यांचं पुढं काय होतं, ते त्याला घरी कळायचं. त्याची बायको उषाबाई त्याच कारखान्यात घडीखात्यात होती. छापून, वाफवून, धुवून आलेली साडी तिच्या हातात यायची. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती सांगायची, "आज तुम्हना दिवा झायात बरं." मागच्या पोपटांच्या डिझाईनच्या वेळी म्हणाली होती, "राघूना डोया." तेवढं त्याला पुरायचं. दुसऱ्या दिवशी तो पट्टी ओढायचा आणि टेबलाची तापी व्हायची. दिवे एकामागोमाग एक पाण्यावर सुटायचे, तो त्यांच्या मागून काठाकाठानं चालायचा. सुरतेतल्या उधन्याचा उकाडा, रंगाचा उग्र वास, पायांतली कळ, सगळं कुठंतरी लांब राहायचं. राघो पलीकडून ओरडायचा, "भाऊ, सरक ना! उभ्या उभ्या झोपना का?"

आणि आता बघतो तर दिवे कुठले? फुलाच्या पोटात एकेक ठिपका. दुसऱ्या साडीत तिथं नुसता लाल. एवढंच. बायकोनं आपल्याला दोन महिने लहान पोरासारखं गोष्टी सांगून रमवलं, असं त्याच्या मनात आलं.

मास्तरांनी घडीखात्याकडे हाक मारली. "उषाबेन, साडी तो तमारे हाथे जाय छे. तमे बोलो."

उषाबाई आली. पदराला हात पुसले. साड्यांच्या जवळ जायचं सोडून ती उलटी चार पावलं मागं सरकली आणि सुईत दोरा ओवताना करतात तसे डोळे बारीक केले.

"यामा दिवा इझी गयात," चार रंगांच्या साडीकडे बोट करून ती म्हणाली.

घडीखात्यातल्या बायका फिसकन हसल्या.

"कसले दिवे विझले? लाल तोच आहे, मरून तोच आहे," मास्तर म्हणाले.

"लाल तोच आहे, पण झोपलाय."

"वाह! डिझाईनर झाली उषाबेन. कुठल्या कॉलेजात शिकली?" मास्तर हसले.

"घडीखात्यात, मास्तर. तुम्हीच भरती केलं."

आता मास्तर हसले नाहीत. "पिवळा नवऱ्याचा, म्हणून बोलतेस."

"त्यांचाच आहे. म्हणून तर रोज आधी तोच बघते." मग ती वळून म्हणाली, "या गं, इकडं या सगळ्या. राघोभाऊ, तुम्हीपण. त्या पाच रंगांच्या साडीला बोटं लावा. एकेका ठिपक्यावर एकेक बोट."

बायका खिदळत साडीला भिडल्या. राघोही गेला. शालिग्राम निघाला तसं तिनं त्याचं मनगट धरलं.

"तुम्ही नका. सात वर्षं पिवळा जवळूनच बघता आहात. इथं उभं राहा. मास्तर, तुम्हीही या."

तिघं लांब उभे राहिले. पुढं सहा जणांची साठ बोटं साडीवर. बोटांखालची फुलं बघता बघता मरूनमध्ये बुडाली. वेल कुठून निघाली, कुठं चालली, काही लागेना. साडीवर सांज उतरल्यासारखी झाली.

"सोडा," उषाबाई म्हणाली.

साठ बोटं एकदम उचलली गेली.

शालिग्रामची नजर काठाजवळच्या ठिपक्यावर गेली, तिथून पुढच्या, तिथून त्याच्या पुढच्या. तापीच्या काठानं चालावी तशी ती चालत पदरापर्यंत गेली. त्यानं ओळखलं. हाच रस्ता होता.

मास्तर पुढं झाले. एका ठिपक्यावर त्यांनी अंगठा ठेवला, उचलला. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. घरात दिव्याचं नवं बटण लागलं की पोरं करतात तसं.

"सोमवारी पिवळा जरा घट्ट कालव," शालिग्रामकडे न बघता ते म्हणाले. "या फेरीत पातळ गेलाय."

सगळे आपापल्या जागी पांगले. उषाबाई घडीखात्याकडे निघाली, तेवढ्यात शालिग्राम मागून हळूच म्हणाला, "आणि मागला तो राघू? तो बी खराच व्हता का?"

ती थांबली.

"डोया दिन्हा ना तुम्ही त्याले," ती म्हणाली. "उडी गया."