जंगूबाईची मराठी

“ईर,” जंगूबाई पुन्हा म्हणाली.

तनुजानं सासूच्या अंगावर पांघरूण घातलं. म्हातारीनं ते ढकलून दिलं. उशी बदलून झाली, पंखा बंद करून झाला, गोळी देऊन झाली. जंगूबाई तोच शब्द म्हणत राहिली आणि शेवटी रडायला लागली.

रविकिरण शाळेतून आला तेव्हा तनुजा दारातच उभी होती.

“काय मागून राहिल्यात, मला कळंना. तुमची भाषा हाय, तुम्हीच बघा.”

रविकिरणला तरी कुठं कळत होतं? तो कोलाम आदिवासी, पण कोलामी बोली त्याला येत नव्हती. किनवटच्या जंगलातल्या कोलामांच्या पोडावर, त्यांच्या वस्तीवर, तो लहानाचा मोठा झाला. पण आई त्याच्याशी मोडक्यातोडक्या मराठीतच बोलायची. शेजारच्या बायांशी कोलामीत खिदळायची आणि तो जवळ आला की गप्प व्हायची. त्याला राग यायचा. वाटायचं, आई आपल्याला परकं समजते. पुढं तो शिकला, गुरुजी झाला, औशाला नोकरीला लागला. वडील गेल्यावर आईला घेऊन आला. इथं तिच्या बोलीत बोलायला तिला कुणीच नव्हतं.

उन्हाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण मराठी गेली.

“होतं असं कधीकधी,” लातूरचे डॉक्टर म्हणाले होते. “नंतर शिकलेली भाषा पुसली जाते, पहिली राहते. तुम्ही त्यांच्या भाषेत बोलत जा.”

त्यानं मान हलवली होती. येत नाही म्हणायची लाज वाटली.

आता त्यानं पोडावर दगडोबाला फोन लावला. दगडोबा त्याच्या वडिलांचा चुलतभाऊ.

“काका, ईर म्हणजे काय?”

“पाणी रे. तुझी माय पाणी मागून राहिली.”

जंगूबाई घटाघटा पाणी प्यायली. रविकिरण स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

त्या आठवड्यात तो स्वतः किनवटला जाऊन दगडोबाला घेऊन आला. म्हातारा खाटेजवळ बसून काहीतरी बोलला आणि जंगूबाई हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग ती बोलतच सुटली.

“काय म्हणती, काका?”

“मोहाची फुलं येचायला कोण कोण यायचं, ते सांगून राहिली.”

“माझं काही?”

“न्हाई.”

“तिला माझ्याशी बोलायचंच नसतं. कधीच नव्हतं.”

दगडोबा त्याच्याकडं बघत राहिला. “तुला कायबी याद न्हाई का रे?”

“कशाची?”

“जाऊ दे. शिकून घे.”

रविकिरण शिकायला बसला. जेव, बस, दुखतं का, झोप लागली का. तनुजाला ते शब्द उच्चारताही येईनात. त्याची जीभ मात्र भराभर वळत होती. दगडोबाला त्याचं नवल वाटलेलं दिसलं नाही.

“आता एक अख्खं वाक्य पाहिजे, काका,” एके दिवशी तो म्हणाला. “आई, मी आलो. माझ्याशी आपल्या बोलीत बोल.”

दगडोबानं ते सांगितलं. रविकिरणनं ते शाळेत जाताना घोकलं, मधल्या सुट्टीत घोकलं, येताना मोटारसायकलवर घोकलं.

घरी आला तो कपडे न बदलताच आईच्या खाटेपाशी गेला. दगडोबा तिला भाकरी कुस्करून देत होता. दोघांचं कोलामीत काहीतरी चाललं होतं, ती हसत होती. रविकिरण समोर बसला आणि वाक्य म्हणाला. एकही शब्द अडखळला नाही.

जंगूबाईचं हसू मावळलं.

तिनं त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडं पाहिलं, खिशाला लावलेल्या पेनाकडं पाहिलं. धड राहिलेल्या हातानं पदर डोक्यावर ओढला. दगडोबानं मान खाली घातली.

“न्हाई गुरुजी,” ती घोकून ठेवल्यासारखं स्वच्छ मराठीत म्हणाली, “माझा रवी आता ही बोली बोलत न्हाई. मीबी त्याच्यासंगं बोलत न्हाई. आता नका मारू त्याला.”