घोटमाळचा डोंगर सरकला

“आजपासून घोटमाळ हे गाव जगाच्या नकाशावर येणार,” असं सुमंतनं जाहीर केलं आणि बिराप्पानं जीप थांबवली. फोनमधल्या नकाशात घोटमाळ सापडत नव्हतं.

“शिराळ्याच्या फुडं नुसतं हिरवं दावतंय, साहेब,” बिराप्पा म्हणाला. “कुणाला तरी इचारू का?”

सुमंत सांगलीतल्या एका भूकंप-नोंद केंद्रात शास्त्रज्ञ होता. सातारा-सांगलीच्या डोंगरपट्ट्यात धक्क्यांचा जोर मोजणारी यंत्रं बसवायची आणि त्यांनी पाठवलेल्या रेघा बघत बसायचं, ही त्याची नोकरी. रेघा वर्षानुवर्षं सरळ येत होत्या. “आज काही हललं का?” असं विचारून त्याची बायको शरयू जेवायला वाढायची. एखादा तरी मोठा धक्का अगदी यंत्राच्या पायाखाली बसावा, म्हणजे इथल्या शाळांच्या भिंती किती भक्कम बांधायच्या ते एकदाचं ठरेल, एवढीच त्याची इच्छा होती. पण ती उघड बोलायची सोय नव्हती. भूकंपाची वाट बघणाऱ्या माणसाला कुणी चहा विचारत नाही.

काल सकाळी तो धक्का आला. थेट घोटमाळच्या खाली. माणसं वाचली, कौलं पडली. आसपासच्या गावांतल्या यंत्रांनी शिस्तीत नोंदी पाठवल्या. घोटमाळच्या यंत्राचं मात्र भलतंच होतं. आधी बारीक थरथर. मग जमीन एकदम कमरेएवढी वर उचललेली. मग ती ठेक्यात वरखाली होत पुढं निघालेली, मध्येच थांबलेली, पुन्हा निघालेली आणि शेवटी धपकन खाली बसलेली.

असा भूकंप पृथ्वीवर कुणी पाहिला नव्हता. सुमंतनं दिवसभर आकडेमोड करून दिल्लीच्या वरिष्ठांना कळवलं, की डोंगर अखंड उचलला जाऊन दक्षिणेकडं सरकला आहे. वरिष्ठांनी लगेच पत्रकार बोलावले. जागेवर जाऊन एकदा डोळ्यांनी बघून घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

डोंगर जागेवर होता.

शाळेमागची यंत्राची खोलीही जागेवर होती. तिला तडासुद्धा गेला नव्हता. आत सिमेंटचा चौथरा होता. चौथऱ्यावर यंत्र नव्हतं. ते समोरच्या पटांगणात जांभळीखाली, गोधडीत गुंडाळून ठेवलेलं होतं. शेजारी हंबीरराव उभे होते. फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस. यंत्राची राखण त्यांच्याकडं होती. त्यांनी कडक सलाम ठोकला.

“माल सुखरूप हाय, साहेब. एक वरखडा न्हाई.”

“हे इथं कुणी आणलं?”

“मीच की. तुमी म्हनला हुता, हंबीरराव, जिवापाड जपा, लय किमती हाय. काल बारका दणका बसला. म्हनलं, मागनं थोरला येनार. पळालो, उचाललं आन् भाईर काढलं. वाटंत थोरला आलाच. पर हातातनं सोडलं न्हाई.”

“मध्ये कुठं थांबलात?” सुमंतनं विचारलं.

“चप्पल निसटली.”

“अहो, पण ते चौथऱ्याला बोल्टनं आवळलेलं होतं.”

“ते मी कवाच काढून ठिवलं. ऐन वक्ताला पाना कुठं हुडकत बसायचा?”

“कधी काढले?”

“तुमची गाडी वळणामागं गेली तवाच.”

शाळेच्या पायरीवर हंबीररावांच्या रंगूबाई कपाळाला हळद थापून, नवऱ्याकडं पाठ करून बसल्या होत्या. त्या सुमंतकडं बघून म्हणाल्या, “आवं साहेब, मलाबी इचारा की. कौल डोस्क्यात पडलं माज्या. ह्ये मला वलांडून शाळंकडं पळालं. म्हनलं, आवं, मी हाय हितं. तर म्हंत्यात, तू चौकटीत हुबी ऱ्हा, त्यो सरकारी माल हाय.”

“कालधरनं बोलत न्हाई,” हंबीररावांनी सुमंतला रिपोर्ट दिला.

सुमंतच्या खिशातला फोन वाजला. दिल्ली.

“पत्रकार आलेत,” वरिष्ठ म्हणाले. “डोंगर नक्की किती सरकलाय?”

हातभर म्हटलं असतं तरी चाललं असतं. वीतभर म्हटलं असतं तरी सुमंतचं नाव पुस्तकात गेलं असतं. दिल्लीहून डोंगराला विचारायला कोण येणार होतं? आणि आलं असतं तरी गाव सापडलं नसतं. बिराप्पा जीपला टेकून तंबाखू मळत होता. त्यानं मळायचं थांबवलं.

“डोंगर नाही सरकला, साहेब,” सुमंत म्हणाला. “हंबीरराव सरकले.”

पलीकडून बराच वेळ काहीच आलं नाही. अशा सरळ रेघा वाचायची सुमंतला सवय होती. त्यानं फोन खिशात टाकला.

हंबीररावांचा चेहरा उतरला. “माजं काय चुकलं का?”

सुमंतनं एकदा रंगूबाईंच्या कपाळाकडं पाहिलं, एकदा गोधडीकडं. “हलू द्यायचं असतं ते,” तो म्हणाला. “जागच्या जागी. तेवढंच त्याचं काम.”

हंबीररावांनी जरा विचार केला. “असं व्हय? मग ठिवू की परत जाग्यावर.”

त्यांनी गोधडी बाजूला केली. आत बॅटरीसकट ती जाडजूड लोखंडी पेटी होती. हंबीररावांनी वाकून दोन्ही हात घातले. पेटी हलली नाही. त्यांनी बाह्या सावरल्या, पाय रोवले, दात आवळले. पेटी हलली नाही. रंगूबाई कालपासून पहिल्यांदा वळून नवऱ्याकडं बघू लागल्या.

हंबीरराव सरळ झाले. कमरेला हात लावून त्यांनी सुमंतला हळूच हाक मारली.

“साहेब, जरा येका बाजूनं धरा. काल भूकंप हुता, म्हनून एकट्याला उचाललं.”