जागचा न हललेला ठिपका

एका अंधुक ठिपक्यावर सरांनी काय काय पदरात पाडून घेतलं म्हणता? विभागप्रमुखपद, दोन खिडक्यांची खोली आणि पाठ्यपुस्तकात फोटो. विझत चाललेल्या म्हाताऱ्या पल्सारचा, म्हणजे गरगरत ठेक्यात लुकलुकणाऱ्या ताऱ्याचा, उजेड दुर्बिणीत पकडणारे, म्हणून त्यांचं नाव झालं.

त्याच वर्षी त्यांच्या विद्यार्थिनीने प्रबंधात लिहिलं, की पल्सार कितीही म्हातारा झाला तरी ठेका सोडत नाही, आणि हा ठिपका तर लुकलुकतच नाही. हा त्याच्या कितीतरी मागे असलेल्या दीर्घिकेचा, दुसऱ्याच एका आकाशगंगेचा उजेड आहे. सर म्हणाले, "आधी डोळे तपासून ये." प्रबंधावर सही झाली नाही. ती त्याच विभागाच्या ग्रंथालयात नोकरीला लागली.

दहा वर्षांनी त्याच जागेचा नवा फोटो आला. रेडिओ दुर्बिणीच्या मोजणीनुसार पल्सार एव्हाना आपल्या वाटेने पुढे सरकला होता, ठिपका जागचा हललेला नव्हता. सरांनी लगबगीने आपली चूक आपणच छापली. एवढ्या मोठ्या मनाबद्दल त्यांचा सत्कार ठरला.

सत्काराच्या सकाळी ते भाषणाचा कागद घेऊन ग्रंथालयात आले. "चुका बघून दे गं जरा. तुझी नजर पहिल्यापासून बारीक."

तिने कागदाला हात लावला नाही. खणातून प्रबंध काढून त्यांच्यापुढे ठेवला. "आता तरी सही करा, सर."

सरांनी तो सावकाश चाळला, मिटला आणि तिच्याकडे परत सरकवला.

"केली असती गं. पण प्रबंधात काहीतरी नवीन लागतं. हे सगळं तर आता मी छापलंय."