हिसका

मुलगी शेजारच्या सीटवर परीक्षकासारखी बसली होती. दवाखान्यातून घरी पोचेपर्यंत निकाल लागणार होता. बाबांना गाडी झेपत असेल तर ठीक, नाहीतर आई उद्यापासून तिच्याकडे. तिच्या घरात आणखी एकाच माणसाची सोय होती, हेही तिने सकाळीच सांगून टाकलं होतं.

म्हातारा तसा निर्धास्त होता. साखरेने उजवं पाऊल बधिर होऊन वर्ष झालं, पण गाडी विजेची, आणि घरातल्या कुणाहीपेक्षा समजूतदार. 'इको' मोडमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की आपली आपण हिसका देऊन थांबायची. ब्रेकला पाय लावावाच लागत नसे. बायकोचे आठवड्याला तीन डायलिसिस, सहा खेपा. अजून कुणाला पत्ता नव्हता. म्हणजे बायको सोडून.

बायको मागे बसली होती, मांडीवर प्लास्टिकची पिशवी उघडी धरून.

"बाबा, किती हिसके देताय. आईला मळमळतंय." मुलीने गाडीच्या पडद्यावर बोट ठेवलं. "हे घ्या, 'कम्फर्ट' लावलं. आता बघा कशी अलगद जाते."

पुढे उतार होता आणि उताराच्या तळाशी लाल सिग्नल. त्याने पाय उचलला. गाडी आपली घरंगळतच राहिली, निवृत्त माणसासारखी, कसली घाई नाही आणि कुणाचं ऐकणंही नाही. त्याने ब्रेक दाबला. काही झालं नाही. हल्ली आपला पाय कुठे आहे हे त्याला बघितल्याशिवाय कळत नसे. त्याने खाली बघितलं. बूट ब्रेकशेजारच्या रबरी मॅटला इमानेइतबारे दाबत होता. त्याने पँट धरून पाय उचलला, ब्रेकवर ठेवला आणि गुडघा हाताने खाली रेटला.

गाडी पांढऱ्या पट्ट्यांवर थांबली. पट्ट्यांवरून चाललेल्या बाईच्या कुशीतल्या कलिंगडापासून वीतभर अलीकडे.

"आजोबा," बाई काचेपाशी वाकून म्हणाली, "ब्रेक घरी ठेवून आलात का?"

मुलगी त्याच्या गुडघ्यावरच्या हाताकडे बघत होती. त्याने तो काढला नाही. काढला तर गाडी सुटली असती.

"बाबा, तुमचा पाय..."

"आधी ते तुझं कम्फर्ट काढ," मागून आई म्हणाली.

"अगं, तुलाच त्रास होत होता ना?"

"मला? हिसके बसले की बरं वाटतं मला. हे अलगद जाण्यानंच पोटात ढवळतं. काढ म्हणते ना."

मुलीने आरशात आईकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग 'इको' लावलं. पण तिचा स्वतःचा उजवा पाय समोरच्या मॅटवर, जिथे ब्रेक नसतोच, तिथे घट्ट रोवलेला राहिला.

पुढच्या चौकात गाडीने सणसणीत हिसका दिला.

"बघ, किती छान," आई म्हणाली, आणि तिने पिशवीत तोंड घातलं.